शेजारच्या तालुक्यातला मास्तर

आपल्या १९७५ च्या तुकडीच्या या स्मरणिकेत शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळजण आहेत. समितीने माझ्याकडे वेगळे काम दिले. एखाद्या थोर व्यक्तीचा परिचय लिहायचा, पण ती व्यक्ती आपल्या भागाशी नाते सांगणारी हवी, अशी अट होती. मी आचार्य अत्रे यांचे नाव सुचवले. समितीतल्या दोघांनी लगेच विचारले, वक्ते अत्रे की 'मराठा'कार अत्रे? मी म्हणालो, सिनेमावाले अत्रे. फोनवर थोडा वेळ शांतता पसरली. त्या शांततेमुळेच हा लेख लिहायचा असे मी ठरवले.

अत्रे आपले शेजारी. दौंड तालुक्यातल्या यवतहून भुलेश्वरचा डोंगर चढून गेले की पुरंदर तालुका लागतो. पुढे सासवड, आणि सासवडजवळ कोडीत. प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म तिथे १३ ऑगस्ट १८९८ रोजी झाला. आषाढीला तुकोबांची पालखी आपल्याकडे यवत-वरवंडला मुक्कामाला असते, तेव्हा ज्ञानोबांची सासवडच्या बाजूने जाते. मधे डोंगर आहे इतकेच. पाऊस दोन्हीकडे सारखाच कमी. सासवडची कऱ्हा आणि आपल्या शिरूरची घोडनदी, दोघींनाही वर्षातले बरेच महिने पाण्याची वाट पाहावी लागते. अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला 'कऱ्हेचे पाणी' हे नाव दिले, त्यातली माया आपल्या भागातल्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

अत्रे मूळचे मास्तर. फर्ग्युसन महाविद्यालयातून ते १९१९ साली पदवीधर झाले आणि शिक्षकी पेशात शिरले. पुण्याच्या लष्कर भागातल्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलाचे ते मुख्याध्यापक होते आणि ती शाळा त्यांनी नावारूपाला आणली. मधल्या काळात लंडनला जाऊन शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन १९२८ साली ते परतले. पुढे मुलींसाठी आगरकर हायस्कूल काढले. शाळेतल्या मुलांसाठी 'नवयुग वाचनमाला' तयार केली. क्रमिक पुस्तकातला धडा मुलाच्या तोंडच्या भाषेत असावा, आणि तो वाचताना मुलाला पुढचे पान उलटावेसे वाटावे, हा त्यांचा आग्रह होता. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे सिनेमात त्यांनी जे केले त्याचे मूळ इथे आहे.

मास्तरकी करता करता त्यांनी केशवकुमार या नावाने कविता लिहिल्या. 'झेंडूची फुले' हा विडंबनांचा संग्रह १९२५ साली आला आणि भल्याभल्या कवींना हसता हसता घाम फुटला. १९३३ साली बालमोहन नाटक मंडळीने त्यांचे 'साष्टांग नमस्कार' रंगभूमीवर आणले. मग 'घराबाहेर', 'भ्रमाचा भोपळा', 'उद्याचा संसार', 'लग्नाची बेडी' अशी रांगच लागली. बोलपटांमुळे नाटक कंपन्या एकामागून एक बंद पडत होत्या, त्या दिवसांत अत्र्यांच्या नाटकांना गर्दी होत होती.

ज्या बोलपटाने नाटकाची गर्दी पळवली, त्याच बोलपटाने मग अत्र्यांनाही बोलावले. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्ससाठी त्यांनी १९३७ साली 'धर्मवीर' लिहिला. दिग्दर्शक होते मास्टर विनायक. पुढच्याच वर्षी 'ब्रह्मचारी' आला. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या एका तरुणाची फजिती त्यात आहे. पोहण्याच्या पोशाखातल्या मीनाक्षीबाईंना पडद्यावर पाहून त्या काळी केवढा गहजब झाला, हे आपल्या आजोबांच्या पिढीला चांगले ठाऊक होते. १९३९ साली 'ब्रँडीची बाटली' आला. दारूबंदीच्या विषयावर पोट धरून हसवणारा तो चित्रपट होता.

एवढे यश मिळाल्यावर दुसरा एखादा लेखक दर वर्षी दोन पटकथा लिहून सुखाने राहिला असता. अत्र्यांचा स्वभाव तसा नव्हता. दुसऱ्याच्या कंपनीत आपली गोष्ट दुसऱ्याच्या मर्जीने सांगणे त्यांना जमेना. विनायकांच्या मंडळींबरोबर नवयुग चित्रपट कंपनीत ते काही काळ राहिले, मग बाहेर पडले आणि अत्रे पिक्चर्स ही स्वतःची संस्था काढली. १९४१ चा 'पायाची दासी' हा तिचा चित्रपट. सासुरवासाच्या या गोष्टीत वनमालाबाई होत्या. ग्वाल्हेरच्या पवार घराण्यातल्या या शिकलेल्या बाई आधी अत्र्यांच्याच आगरकर हायस्कुलात शिक्षिका होत्या. पुढे सोहराब मोदींच्या 'सिकंदर'मध्ये त्या नायिका झाल्या आणि देशभर त्यांचे नाव झाले.

१९४२ चा 'वसंतसेना', पुढे 'मोरूची मावशी', 'ब्रह्मघोटाळा', काही हिंदी चित्रपट, असा हा प्रवास चालू राहिला. त्यात चांगले दिवस आले तसे फटकेही बसले. चित्रपटाच्या धंद्यात स्वतःची कंपनी चालवायची म्हणजे काय, हे मी बँकवाल्याच्या भाषेत सांगतो. खर्च आधी होतो आणि रोख होतो. नट, स्टुडिओ, कच्ची फिल्म, प्रयोगशाळा, कोणीही थांबत नाही. उत्पन्न मात्र शेवटी येते, तेही वितरक आणि थिएटरवाला यांच्या हातातून गळत गळत. मधल्या काळाचे व्याज निर्माता भरतो. चित्रपट पडला तर तारण म्हणून हातात उरतात ती फक्त रिळे.

तुमच्यापैकी काहींना ठाऊक आहे की मी अडतीस वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. दौंड, शिरूर, न्हावरा, केडगाव या पट्ट्यात विहीर, मोटार, गाई, ट्रॅक्टर यांचे किती अर्ज माझ्या टेबलावरून गेले याची गणती नाही. म्हणून 'श्यामची आई'चा विचार मी कधी कधी कर्जाच्या अर्जासारखा करतो. समजा १९५२ साली एखादा निर्माता माझ्यासमोर येऊन बसला असता. गोष्ट काय? कोकणातल्या एका गरीब घरातली आई मुलावर संस्कार करते, कर्जात पिचते आणि शेवटी मरते. नायिका कोण? तीच आई. नायक? शाळकरी पोरगा. प्रेमप्रकरण? नाही. नाच? नाही. समोर हिंदी चित्रपट कोणते? राज कपूर, दिलीपकुमार यांचे. नियमाने चालणारा कोणताही अधिकारी असा अर्ज दुसऱ्या मिनिटाला परत करील.

पण अत्र्यांकडे एक तारण होते, जे बँकेच्या कागदात बसत नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले होते आणि तोवर ते महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले होते. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. ती जखम अजून ओली होती. शिवाय अत्रे वाचनमालेचे संपादक. दहा वर्षांच्या मुलाला काय समजते, कशाने त्याचे डोळे भरतात आणि कशाने त्याला कंटाळा येतो, याचा अभ्यास त्यांनी वर्गात उभे राहून केला होता. चित्रपटाची पटकथा त्यांनी लिहिली, दिग्दर्शनही स्वतःच केले. आईच्या कामासाठी आपल्या जुन्या सहकारी वनमालाबाई घेतल्या. श्यामचे काम माधव वझे या मुलाने केले. संगीत वसंत देसाईंचे. ६ मार्च १९५३ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला आणि लोकांनी तो उचलून धरला.

त्याच वर्षीच्या चित्रपटांपासून भारत सरकारने राष्ट्रीय पातळीवर पारितोषिके द्यायला सुरुवात केली. देशातल्या सगळ्या भाषांतून सर्वोत्कृष्ट चित्रपट निवडायचा आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक द्यायचे. बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' त्या वर्षी होता. त्याला गुणवत्तेचे प्रमाणपत्र मिळाले. सुवर्णपदक मिळाले 'श्यामची आई'ला. १९५४ च्या ऑक्टोबरात दिल्लीत हा समारंभ झाला, तेव्हा राष्ट्रपती होते डॉ. राजेंद्रप्रसाद. देशाचे पहिले सुवर्णपदक एका मराठी चित्रपटाला, आणि तो चित्रपट करणारा कोडीतचा मास्तर. तो मान मराठीला पुन्हा मिळायला अर्धे शतक जावे लागले. २००३ सालच्या चित्रपटांत 'श्वास' सर्वोत्कृष्ट ठरला, त्यानंतर 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव'. या सगळ्यांच्या आधी, पहिल्या पायरीवर, अत्रे उभे आहेत.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो आपल्याच शाळेच्या मैदानावर. तुमच्यातल्या अनेकांना ती रात्र आठवत असेल. बहात्तरचा दुष्काळ चालू होता. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आया रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होत्या, घरात मिलोच्या लालसर भाकरी होत होत्या आणि शाळेत सुकडी मिळत होती. माझे वडील दौंडला रेल्वेत होते. मी शिरूरला मामांकडे राहून शिकत होतो. दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात रिळांच्या पत्र्याच्या पेट्या उतरताना मी पाहिल्या होत्या, जत्रेतल्या तंबूत मारामारीचे सिनेमेही पाहिले होते. पण हा सिनेमा निराळा निघाला. श्याम पोहायला घाबरतो आणि आई त्याला शिमटीने बडवून विहिरीवर पाठवते, तेव्हा सगळे मैदान हसले. घोडनदीच्या डोहात ढकलून पोहायला शिकवलेली पोरे आम्ही, आम्हाला ते नवीन नव्हते.

मग सावकाराचा माणूस वसुलीला दारात येतो. घरात अन्न नाही आणि तो माणूस नाही नाही ते बोलतो. तेव्हा मैदानावर कोणी हसले नाही. कोणी खोकलेही नाही. त्या वर्षी शिरूरमधल्या किती घरांतले डोरले सावकाराकडे होते, ते पोरांना ठाऊक नव्हते असे समजू नका. आपल्या घरातली लाज पडद्यावर पाहिली की पोर गप्प होते. आणि ती लाज आपल्या एकट्याची नाही, हेही त्याला त्याच वेळी कळते. हे दुसरे कळणे फार मोलाचे असते.

पुढे नशिबाने मला वसुलीच्याच कामावर घातले. सावकाराचा माणूस नव्हे, बँकेचा माणूस, कायद्याने चालणारा. पण दारात उभा राहिलेला माणूस घरातल्या बाईला सारखाच दिसतो. २०१२-१३ च्या दुष्काळात शिरूरच्या पूर्व भागातल्या वस्त्यांवर मी फिरत होतो. चारा नव्हता, टँकर दोन दिवसाआड येत होता. हप्ता मागणे माझे कर्तव्य होते आणि ते मी केले. पण शेजाऱ्यांदेखत आवाज चढवायचा नाही, घरात पुरुष नसेल तर ओट्यावर बसायचे नाही, आणि लहान मूल दारात उभे असेल तर आकडा बोलायचा नाही, हे तीन नियम मी स्वतःसाठी केले होते. ते मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवले नव्हते. नव्या मुलांना मी तेच सांगत असे, आणि त्यांना नवल वाटे. चित्रपटाने माणूस सुधारतो असा माझा दावा नाही. पण चित्रपट माणसाला समोरच्याच्या दाराच्या आतल्या बाजूला एकदा तरी उभा करतो, एवढे मी अनुभवाने सांगतो.

सुवर्णपदकानंतर अत्रे आणखी अवघड विषयाकडे वळले. खरे तर पदक हातात पडण्याआधीच वळले होते. 'महात्मा फुले' या चित्रपटाचा मुहूर्त १९५४ च्या सुरुवातीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते झाला. बाबुराव पेंढारकर जोतिबा झाले आणि सुलोचनाबाई सावित्रीबाई. चित्रपटाच्या प्रारंभी साक्षात गाडगेबाबा कीर्तन करताना दिसतात. बाबासाहेब आणि गाडगेबाबा, दोघेही १९५६ च्या डिसेंबरात, पंधरा दिवसांच्या अंतराने गेले. या एका चित्रपटाच्या निमित्ताने दोघांचे हात लागले, हे अत्र्यांचे केवढे भाग्य! १९५४ च्या चित्रपटांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले.

इथेही शेजार कामाला आला असे मला वाटते. फुल्यांचे घराणे मूळचे कटगुणचे, तिथून ते पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला आले आणि मग पुण्याला. म्हणजे जोतिबा आणि अत्रे एकाच तालुक्याचे. आणि आपल्या केडगावला ज्यांनी मुक्ती मिशन उभे केले त्या पंडिता रमाबाईंवर धर्मांतराबद्दल सगळा पुण्याचा समाज तुटून पडला होता, तेव्हा त्यांची बाजू घेणाऱ्या थोड्या लोकांत जोतिबा होते. केडगावच्या मुलांनी तरी हे विसरू नये. ज्या काळात जोतिबांचे नाव सभ्य घरांत सहजपणे घेतले जात नव्हते, त्या काळात ब्राह्मण घरात जन्मलेल्या एका माणसाने स्वतःच्या जबाबदारीवर त्यांच्यावर चित्रपट केला. यात फायद्याचे गणित बसवून पाहा, बसत नाही.

अत्रे देवमाणूस होते असे मी म्हणणार नाही. त्यांची जीभ तिखट होती. वादात समोरच्याला कोठे लागेल याची पर्वा ते करत नसत, आणि काही वेळा घाव फारच खोल गेले. अतिशयोक्ती हा तर त्यांचा हातखंडा. गेल्या दहा हजार वर्षांत असे झाले नाही, हे सांगितल्याशिवाय त्यांचे भाषण पुरे होत नसे. पण ज्याच्याशी भांडले त्याच्या मृत्यूनंतर सर्वांत हृद्य लेख तेच लिहीत. नेहरूंवर त्यांनी आयुष्यभर टीका केली आणि १९६४ साली नेहरू गेल्यावर 'सूर्यास्त' लिहून महाराष्ट्राला रडवले.

'महात्मा फुले'नंतर त्यांना चित्रपटासाठी उसंत कुठली मिळायला? संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटले. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांनी 'मराठा' दैनिक काढले. गावोगाव सभा, १९५७ ची निवडणूक, विधानसभा. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, त्यात त्यांच्या लेखणीचा आणि आवाजाचा वाटा केवढा, ते आपण इतिहासात शिकलो. नाटकही सुटले नाही, 'तो मी नव्हेच' १९६२ चे. १३ जून १९६९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा आपण चौथीत होतो.

लोकांनी त्यांना आचार्य म्हटले, म्हणजे शिक्षकच. मला वाटते, ती पदवी त्यांच्या चित्रपटांनाही लागू आहे. शाळेत वर्गातल्या चाळीस मुलांपुढे जे करायचे, तेच त्यांनी पडद्यावर लाखो लोकांपुढे केले. कंपनीचा मालक, वितरक, तारा, कोणाचीही परवानगी न घेता. त्यासाठी लागणारा पैसा, डोकेदुखी आणि बदनामी स्वतःच्या अंगावर घेतली. आज आपल्या भागातली मुले मोबाईलवर लहान लहान चित्रपट करतात, काही स्पर्धांना पाठवतात. त्यांचे आईबाप माझ्याकडे येऊन विचारतात की याला वळण कसे लावायचे. मी त्यांना अत्र्यांचे उदाहरण देतो. आधी पोटापाण्याचा धंदा नीट केला, आपले प्रेक्षक ओळखले, भाषा कमावली, आणि मग हिंमत केली. हिंमत आधी आणि बाकीचे नंतर, असा क्रम त्यांनी लावला नाही.

शेवटी कामाची गोष्ट. मेळाव्यासाठी आपण जो निधी जमवला आहे, त्यातून शाळेला काय द्यावे यावर आपल्या गटात महिनाभर चर्चा चालू आहे. कमान, पाण्याची टाकी, बाके, अशा सूचना आल्या आहेत. सगळ्या चांगल्या आहेत. माझी सूचना अशी की शाळेच्या सभागृहाला एक चांगला प्रोजेक्टर, पडदा आणि आवाजाची व्यवस्था द्यावी, आणि वर्षातून चार चित्रपट मुलांना बसवून, शेवटपर्यंत, एकत्र दाखवले जातील असे मुख्याध्यापकांशी बोलून ठरवावे. एकेकट्याने मोबाईलवर पाहणे आणि दोनशे मुलांनी एकदम गप्प होणे यात फरक आहे. पहिला चित्रपट 'श्यामची आई' आणि दुसरा 'महात्मा फुले' असावा. काळेपांढरे आहेत म्हणून मुले कंटाळतील, अशी शंका काहींनी काढली आहे. पहिली दहा मिनिटे कदाचित चुळबुळतील. वसुलीवाला दारात येईपर्यंत मात्र थांबा, मग बघा.

या कामासाठी माझ्या वाट्याची रक्कम मी वेगळी काढून ठेवली आहे. ज्यांना पटेल त्यांनी मेळाव्याच्या दिवशी मला भेटावे. पावती देईन, जुन्या सवयीप्रमाणे.